केस, दात, चरबी आणि मिरजेतील एक सोनोग्राफी केंद्र

सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून व्यवसाय करते. माझ्या दवाखान्यात गर्भवतींच्या तपासणीपुरते सोनोग्राफीचे मशीन आहे. परंतु बीजांडकोशात गाठ दिसली आणि तिचे स्वरूप नीट उमगले नाही, की मी रुग्णेला मिरजेतील एका निदान केंद्राकडे पाठवते. गेली नऊ वर्षे हा शिरस्ता चालू आहे. त्या केंद्राच्या कामाबद्दल, आणि तेही एकाच प्रकारच्या गाठीच्या निदानापुरते, हा अभिप्राय लिहीत आहे. केंद्राचे नाव मुद्दाम देत नाही. रुग्ण पाठवणाऱ्या डॉक्टरने नाव घेऊन केलेल्या कौतुकाचा आपल्याकडे एकच अर्थ काढला जातो. शिवाय पुढे काही तक्रारीही येणार आहेत. मला तेथून कसलाही ‘कट’ मिळत नाही, एवढे सांगून विषयाकडे वळते.

ही गाठ म्हणजे डर्मॉइड, पॅथॉलॉजीच्या भाषेत परिपक्व टेराटोमा. बीजांडकोशातील एखादी बीजपेशी फलन न होताच, स्वतःच्या स्वतःच वाढू लागते, आणि तिच्यातून त्वचा, केस, तेलग्रंथी, चरबी, कधी हाड, कधी दात तयार होतात. विरशॉ या जर्मन वैद्यकशास्त्रज्ञाने १८६३ मध्ये तिला टेराटोमा हे नाव दिले. ज्या ग्रीक शब्दावरून ते आले त्याचा अर्थ राक्षस किंवा विक्राळ प्राणी असा आहे. नाव भयंकर असले तरी गाठ बहुतांशी निरुपद्रवी असते. मात्र ‘केस’ आणि ‘दात’ हे शब्द कानी पडल्यावर घरच्यांच्या मनात काय काय येते, ते दवाखान्यात बसणाऱ्यालाच ठाऊक. एका आईने मला विचारले होते, “मॅडम, पोरीनं लहानपणी केस गिळले असतील का हो?” हा प्रश्न तरी भाबडा होता. अविवाहित मुलीच्या पोटात दात सापडले म्हणजे काहीतरी भानगड असणार, अशी कुजबुजही मी ऐकली आहे. या गाठीचा पुरुषसंबंधाशी किंवा गर्भधारणेशी काहीही संबंध नसतो, हे मला प्रत्येक वेळी नव्याने, आणि शक्यतो मुलीच्या वडिलांसमोर, सांगावे लागते.

या केंद्राचा कस लागला तो अशाच एका मुलीच्या वेळी. वय एकोणीस, कॉलेजला जाणारी, ओटीपोटात उजवीकडे अधूनमधून दुखणारी. दुसरीकडे कोठेतरी केलेल्या सोनोग्राफीच्या रिपोर्टात गुंतागुंतीच्या स्वरूपाची गाठ, कर्करोगाची शक्यता तपासावी, एवढेच लिहिलेले होते. आकार एकाच मापात, आणि डाव्या बीजांडकोशाचा उल्लेखच नाही. कोणीतरी कर्करोगाच्या शंकेत करतात ती सीए-१२५ ही रक्ततपासणीही करून घेतली होती, आणि तो आकडा थोडासा वाढलेला आला होता. मासिक पाळी, एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखे अस्तर गर्भाशयाबाहेर वाढणे), ओटीपोटातील जंतुसंसर्ग अशा अनेक साध्या कारणांनी तो वाढतो, हे घरच्यांना कोणी सांगितले नव्हते. मुलगी माझ्यापुढे आली तेव्हा वडिलांनी शेताचा एक तुकडा विकण्याची बोलणी सुरू केली होती.

मिरजेच्या केंद्रातील रेडिओलॉजिस्टनी त्या दिवशी जे केले, तेच मला त्यांच्या सेवेचे मर्म वाटते. मुलगी अविवाहित असल्याने योनीमार्गातून तपासणी करायची नव्हती. पोटावरूनच पाहायचे होते आणि त्यासाठी मूत्राशय तुडुंब भरलेले हवे होते. पहिल्या फेरीत उजव्या बाजूला पडद्यावर एक पांढरा, चमकदार पट्टा आणि त्याखाली दाट सावली एवढेच दिसले. डर्मॉइडचे निदान चुकते ते नेमके येथे. केस, चरबी आणि चुना (कॅल्शियम) यांचा गोळा ध्वनिलहरी इतक्या जोरात परतवतो आणि शोषून घेतो की गाठीचा फक्त वरचा काठ दिसतो आणि खालचा सगळा भाग अंधारात जातो. रेडिओलॉजीच्या पुस्तकांत याला हिमनगाच्या टोकाची उपमा दिलेली असते. अडचण अशी, की वायूने भरलेले आतडेही अगदी असेच दिसते. त्यामुळे घाईत पाहणारा ‘आतड्यातील गॅस’ म्हणून पुढे सरकतो आणि सात सेंटिमीटरची गाठ रिपोर्टातून निसटते. यांनी मुलीला उठवून अर्धा तास बाहेर चालायला सांगितले, पाणी प्यायला दिले आणि पुन्हा टेबलावर घेतले. आतडे असते तर त्याची हालचाल दिसली असती, गॅसची जागा बदलली असती. पट्टा जागच्या जागीच होता. मग त्यांनी प्रोब बाजूला तिरका धरून, सावलीच्या कडेने गाठीच्या आत डोकावून पाहिले.

आत काय दिसले, ते त्यांनी रिपोर्टात ओळीने लिहिले होते, आणि तो रिपोर्ट मी आजही शिकाऊ डॉक्टरांना दाखवते. गाठीच्या भिंतीला आतून चिकटलेला एक पांढरा उंचवटा आणि त्यामागे सावली: व्हिएन्नातील पॅथॉलॉजिस्ट रोकिटान्स्की यांच्या नावाने ओळखला जाणारा हा भाग, आणि केस, हाड, दात हे बहुधा याच्यातून किंवा याच्या आसपास निघतात. द्रवात तरंगणारे केस बारीक पांढऱ्या रेषा आणि ठिपके बनून दिसतात. ती जाळी डोळ्यांत भरली की विसरत नाही. आणि एका बाजूला वरचा थर उजळ, खालचा गडद, मध्ये सरळ रेष. गाठीतला तेलकट पदार्थ शरीराच्या उष्णतेत पातळ असतो आणि पाण्यावर तरंगतो. शस्त्रक्रियेत बाहेर काढून ट्रेमध्ये ठेवला की थंडीतल्या तुपासारखा थिजतो. मुलीला कुशीवर वळवल्यावर ती रेष हळूहळू नव्या दिशेने आडवी झाली, हेही त्यांनी नोंदवले होते. डॉपलरमध्ये, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत, उंचवट्याच्या आत रक्तप्रवाह नाही, हा उल्लेख स्वतंत्र ओळीत होता. तेलाचे लहान लहान गोळे द्रवात चेंडूंसारखे तरंगताना दिसणे ही आणखी एक खूण आहे. ती क्वचित दिसते, पण दिसली तर सहसा दुसऱ्या कोणत्या गाठीचा विचार करावा लागत नाही. माझ्या पाहण्यात ती या केंद्राने दोनदा पकडली आहे.

शेवटच्या ओळीत त्यांनी निदान स्पष्ट लिहिले होते. ‘कृपया इतर लक्षणांशी ताडून पाहावे’ या वाक्यामागे लपून बसणारे रिपोर्ट मी आयुष्यभर वाचत आले आहे. सगळ्या खुणा समोर असताना डर्मॉइडला डर्मॉइड न म्हणणे ही सावधगिरी नव्हे. त्याची किंमत रुग्णेला बीजांडकोश गमावून मोजावी लागू शकते. कर्करोगाच्या शंकेने पोट उघडले जाते तेव्हा अख्खा बीजांडकोश निघतो. निदान आधी ठाऊक असेल तर दुर्बिणीतून फक्त गाठ सोलून काढता येते, उरलेला बीजांडकोश वाचवता येतो, गाठ पिशवीत घालून बाहेर काढता येते आणि आतील तेल पोटात सांडले तर भरपूर पाण्याने धुऊन घेण्याची तयारी ठेवता येते. ते तेल तसेच राहिले तर पोटाच्या अस्तराला तीव्र दाह होतो.

या केंद्राच्या रिपोर्टातील आणखी एक गोष्ट मला आवडते, ती म्हणजे शिस्त. गाठीची तिन्ही मापे असतात. दुसऱ्या बाजूच्या बीजांडकोशाबद्दल स्वतंत्र वाक्य असते. डर्मॉइड दहापैकी साधारण एका रुग्णेत दोन्हीकडे असतो, त्यामुळे त्या वाक्याशिवायचा रिपोर्ट मी अपुरा मानते. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीने तयार केलेली ओ-रॅड्स ही वर्गवारीही अलीकडे ते देतात. तीत ठरावीक खुणा असलेला, दहा सेंटिमीटरहून लहान डर्मॉइड दुसऱ्या वर्गात, म्हणजे जवळजवळ निश्चितपणे साध्या गाठींत जातो. दहा किंवा त्याहून मोठा असेल तर तिसऱ्यात. लहान गाठ असलेल्या, त्रास नसलेल्या बाईला मी तो आकडा दाखवून सांगू शकते की आता कापाकापी नको, वर्षाने पुन्हा पाहू. रजोनिवृत्तीपूर्वी या गाठी सरासरी वर्षाला दोन मिलिमीटरहूनही कमी वाढतात. पण वर्षाने केलेली मापे आधीच्या मापांशी ताडता यायची असतील, तर दोन्ही वेळी नीट घेतलेली हवीत, आणि या केंद्रात ती तशी असतात.

एमआरआयच्या बाबतीत त्यांचा हात आखडता आहे, हे मी गुणांत धरते. सोनोग्राफीत सगळे स्पष्ट असताना सात हजार रुपयांची तपासणी ते सुचवत नाहीत. सुचवतात तेव्हा कारण लिहितात. बहुधा प्रश्न असतो तो चॉकलेट सिस्टचा, म्हणजे एंडोमेट्रिओसिसमुळे जुने रक्त साठलेल्या गाठीचा. एमआरआयच्या टी-वन चित्रात चरबीही उजळ दिसते आणि जुने रक्तही. मग चरबीचाच संकेत निवडून दाबणारे चित्र घेतात: चरबी असेल तर तो उजेड विझतो, रक्त असेल तर तसाच राहतो. येथे एक बारकावा आहे. स्टिर नावाची चरबी दाबण्याची एक वेगळी पद्धत असते. ती चरबीबरोबर कधी कधी रक्ताचा संकेतही दाबून टाकते, म्हणून या प्रश्नासाठी ती भरवशाची नाही. इतर एका ठिकाणचा एमआरआय घेऊन आलेल्या बाईचे चित्र पाहून या केंद्रातील डॉक्टरांनी नेमके हेच बोट ठेवले आणि योग्य क्रमातील चित्र पुन्हा घेतले. गाठ चॉकलेट सिस्ट निघाली.

सीटी स्कॅन ते या कामासाठी सहसा करत नाहीत, आणि तरुण मुलींना विनाकारण किरण देऊ नयेत हे बरोबरच आहे. तरीही सीटीत डर्मॉइड आपोआप सापडतात, कारण आमच्या भागात मुतखड्यासाठी सीटी सर्रास होतो. सीटीत पाण्याची घनता शून्य धरतात आणि चरबी त्याखाली, उणे आकड्यात जाते. गाठीत उणे वीसच्या खालचा भाग मिळाला की चरबी ठरली. मुतखड्यावरून आठवले: एका बाईच्या साध्या एक्स-रेमध्ये ओटीपोटात पांढरा ठिपका दिसला आणि मूत्रनलिकेतील खडा म्हणून तिला दोन महिने औषधे दिली गेली. या केंद्राने तो एक्स-रे मोठा करून पाहिला. ठिपक्याला दाढेचा आकार होता.

निरुपद्रवी नसलेल्या गाठींबाबत ते कसे वागतात, हे पाहिल्याशिवाय अभिप्राय पुरा होणार नाही. अपरिपक्व टेराटोमा हा खराच कर्करोग असतो आणि तो बहुधा वयाच्या पहिल्या दोन दशकांत येतो. झपाट्याने वाढतो, बराचसा भरीव असतो, आणि त्यात चरबी व चुना एका ठिकाणी नसून विखुरलेले असतात. एका सोळा वर्षांच्या मुलीत असे दिसले तेव्हा या केंद्राने रिपोर्टात ‘डर्मॉइड’ लिहिण्याचा मोह टाळला, भरीव भाग आणि विखुरलेला चुना वेगळा नोंदवला, आणि मला दूरध्वनी करून अशा गाठीत रक्तात वाढू शकणारे अल्फा-फीटोप्रोटीन तपासायला सुचवले. दुसऱ्या टोकाला साठीतली एक बाई होती. साध्या डर्मॉइडचे कर्करोगात रूपांतर शंभरात एक-दोन रुग्णांतच होते, पण होते ते प्रामुख्याने उतारवयात आणि मोठ्या गाठीत. एमआरआयमध्ये औषध टोचल्यावर उजळणारा भरीव भाग गाठीची भिंत ओलांडून शेजारच्या अवयवाकडे गेलेला दिसला; रिपोर्ट त्याच संध्याकाळी माझ्या हाती होता आणि बाई दोन दिवसांत कर्करोग शल्यविशारदाकडे पोहोचली. भरीव भाग उजळला म्हणजे कर्करोगच, असेही ते लिहीत नाहीत. साधा उंचवटाही कधी उजळतो, आणि गाठीत थायरॉइडच्या पेशी असतील तर तो भाग रक्तवाहिन्यांनी भरलेला असतो.

मेंदूविकारतज्ज्ञांनी पाठवलेली एक मुलगीही येथे आली होती. अचानक भ्रम, आचके, विचित्र वागणे. घरच्यांनी आधी देवऋषी गाठला होता. जोसेप डाल्माऊ आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवून दिले की काही तरुण स्त्रियांत टेराटोमामधील चेतापेशींविरुद्ध शरीर प्रतिपिंडे तयार करते आणि तीच मेंदूवर उलटतात. अशा वेळी गाठ दोन सेंटिमीटरची असली तरी शोधावीच लागते, कारण ती काढल्याने रुग्ण सुधारण्याची शक्यता वाढते. सोनोग्राफीत काही दिसले नाही तरी ते थांबले नाहीत, एमआरआयमध्ये त्यांनी चरबीचा तो बारीक ठिपका शोधला.

आता तक्रारी. सर्वांत गंभीर तक्रार निदानाचीच आहे. दोन वर्षांपूर्वी एका छत्तीस वर्षांच्या बाईच्या रिपोर्टात त्यांनी पाच सेंटिमीटरचा डर्मॉइड ठामपणे लिहिला आणि शस्त्रक्रियेचा सल्लाही जोडला. मी चित्रे पाहिली. उजळ भाग होता, बारीक रेषा होत्या, पण उजळ भागामागे सावली नव्हती आणि रेषा केसांसारख्या सुट्या नसून कोळ्याच्या जाळ्यासारख्या गुंफलेल्या होत्या. पाळीचा कितवा दिवस, हे कोणी विचारलेच नव्हते; तपासणी पाळीच्या उत्तरार्धात झाली होती. बीजांड बाहेर पडल्यानंतर उरलेल्या पिशवीत रक्तस्राव झाला की त्यातील गोठलेले रक्त नेमके असे दिसते. मी बाईला आठ आठवडे थांबवले, पुन्हा पाळीच्या सुरुवातीच्या दिवसांत तपासणी केली, आणि गाठ नाहीशी झालेली होती. मी केंद्राला कळवले, त्यांनी मान्य केले, आणि तेव्हापासून त्यांच्या नोंदणीच्या कागदावर शेवटच्या पाळीची तारीख आवर्जून विचारली जाते. शस्त्रक्रियेचा सल्ला रिपोर्टात लिहू नये, तो आमच्यावर सोडावा, हे माझे म्हणणे मात्र अजून पटलेले दिसत नाही.

दुसरी तक्रार रात्रीची. डर्मॉइडचा सर्वांत नेहमीचा उपद्रव म्हणजे बीजांडकोशाला पीळ पडणे, आणि तो रविवार बघून येत नाही. केंद्र रात्री साडेआठला बंद होते, रविवारी उघडत नाही. पिळाच्या संशयात डॉपलरवर रक्तप्रवाह दिसला म्हणजे धोका टळला असे नव्हे. बीजांडकोशाला दोन बाजूंनी रक्तपुरवठा असतो आणि अर्धवट पिळात प्रवाह काही काळ टिकतो. सुजलेला, एका बाजूला सरकलेला बीजांडकोश आणि देठाचा भोवरा ओळखणारे अनुभवी डोळे लागतात, आणि ते डोळे रात्री घरी असतात. अशा दोन रुग्णांना मी केवळ हाताच्या तपासणीवर विसंबून थेट शस्त्रक्रियेला घेतले आहे.

बाकीच्या गोष्टी किरकोळ, पण रुग्णांना त्याच जास्त जाणवतात. वेळ दिलेली असूनही दीड-दोन तास थांबावे लागते. भरलेले मूत्राशय घेऊन बाकावर बसलेल्या बाईसाठी हा छळच आहे, आणि स्वच्छतागृह एकच आहे. सोनोग्राफीचे चौदाशे रुपये घेतात. पावती मागावी लागत नाही. गर्भलिंग निदान केले जात नसल्याचा कायद्याने बंधनकारक असलेला फलक दारातच आहे, आणि त्याच कायद्याखालचे गर्भवतीचे फॉर्म एफ काटेकोरपणे भरून घेतले जातात. पहिल्या तीन महिन्यांच्या तपासणीत दोन्ही बीजांडकोश पाहून घेण्याची त्यांची सवय फार मोलाची आहे. पुढे वाढलेले गर्भाशय त्यांना वर ढकलते आणि मग डर्मॉइड असला तरी दिसत नाही. चित्रे पूर्वी थर्मल कागदावर मिळत, ती वर्षभरात फिकी पडत. आता सीडी देतात, जी उघडण्याचे यंत्र माझ्या दवाखान्यातही उरलेले नाही. तेथे जाणार असाल तर मोबाइलवर चित्रे मागा. मागितली तर देतात. जुने रिपोर्ट आणि चित्रे न विसरता न्या, पाळी संपल्यानंतरच्या आठवड्यातली वेळ घ्या, आणि सकाळची पहिली वेळ मिळत असेल तर तीच घ्या.

त्या एकोणीस वर्षांच्या मुलीची गाठ मी दुर्बिणीतून काढली, बीजांडकोश राहिला, शेतही राहिले. चौथ्या दिवशी केंद्रातील डॉक्टरांचा दूरध्वनी आला. प्रकृतीची चौकशी झाल्यावर त्यांनी विचारले, “मॅडम, उंचवट्यात दात असावा असं मी लिहिलं होतं, निघाला का?” दात नव्हता, हाडाचा तुकडा होता, असे मी सांगितले. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, “वहीत दुरुस्त करून ठेवतो.” पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आल्यावर त्याची प्रतही त्यांनी मागून घेतली.